इंधनाचा प्रांतवार हिशेब : जाळतो कोण, भरतो कोण?

पेट्रोल व डिझेल यांच्या विक्रीचे राज्यवार आकडे प्रसिद्ध झाले की भांडवली वृत्तपत्रांतून ठरावीक स्वरूपाची विवेचने छापून येतात. गोवा, हरियाणा, पंजाब यांसारख्या राज्यांत दरडोई खप मोठा, म्हणून ती राज्ये प्रगत व गतिमान. बिहारात तो अत्यल्प, म्हणून बिहार मागासलेला. विवेचन एवढ्यावर थांबत नाही. ज्याअर्थी इंधन प्रगत प्रांतांतील सधन माणूस जाळतो, त्याअर्थी इंधनावरील कर हा सधनांवरचाच कर होय आणि गरिबाला त्याची झळ लागत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तरीही किंमत कोणाला जड वाटत असेल तर दोष त्या त्या राज्य सरकारने लावलेल्या कराचा आहे, अशी पुस्तीही जोडली जाते.

ही मांडणी वरकरणी आकड्यांवर आधारलेली दिसते; प्रत्यक्षात ती आकड्यांचा विपर्यास करते. प्रांताप्रांतांतील इंधनाच्या खपात मोठी तफावत आहे, हे कोणीच नाकारीत नाही. ती तफावत कशाने निर्माण होते आणि तिचा भार अखेर कोणत्या वर्गावर पडतो, हा खरा प्रश्न आहे. राज्यवार तक्ता त्याचे उत्तर देऊ शकत नाही. इंधन कोणत्या राज्यातील पंपावर विकले गेले एवढेच तो सांगतो. ते कोठे जळले, कशासाठी जळले आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, याविषयी तो मूक आहे.

विक्री एकीकडे, वापर दुसरीकडे

लांब पल्ल्याच्या मालमोटारीची टाकी तीनशे-चारशे लिटरांची असते. भरलेली मालमोटार लिटरला सुमारे चार किलोमीटर जाते असे धरले, तर एकदा टाकी भरून ती बारा-पंधराशे किलोमीटर मजल मारू शकते. एवढ्या प्रवासात ती तीन-चार राज्ये ओलांडते. साहजिकच मालक चालकाला सांगतो की जेथे डिझेल स्वस्त तेथे टाकी भर. त्या राज्याच्या खात्यावर चारशे लिटरांचा खप नोंदला जातो. रस्ता झिजतो दुसऱ्या राज्याचा, धूर बसतो तिसऱ्याच्या शेतांवर आणि माल उतरतो चौथ्यात.

दिल्लीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मे २०२० मध्ये दिल्ली सरकारने डिझेलवरील मूल्यवर्धित कर ३० टक्क्यांवर नेला. पुढे जूनच्या अखेरीस तेथे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले, आणि मालमोटारी हरियाणा व उत्तर प्रदेशातील पंपांवर वळल्या. ३० जुलै २०२० रोजी हा कर १६.७५ टक्क्यांवर आणावा लागला. त्या तीन महिन्यांत दिल्लीकर मागासले नव्हते की शेजारची राज्ये एकाएकी प्रगत झाली नव्हती. कराची रेषा हलली होती, एवढेच.

हा अनुभव महाराष्ट्राच्या सीमेवरील वाचकांना नवा नाही. कागल ओलांडून निपाणीकडे आणि बांदा ओलांडून पत्रादेवीकडे जाऊन टाकी भरण्याची रीत तेथे रुळलेली आहे. गोव्यात २०१२ साली पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर नाममात्र ०.१ टक्क्यावर आणला गेला आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. शेजारच्या जिल्ह्यांतील वाहने आणि पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या तेथे जे पेट्रोल घेतात तेही गोव्याच्या लोकसंख्येने भागले जाते, आणि त्या भागाकाराला ‘गोमंतकीयांचा दरडोई खप’ असे नाव दिले जाते.

याचा अर्थ प्रांतांतील विषमता काल्पनिक आहे असा मुळीच नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे साडेसात टक्के कुटुंबांकडे मोटारगाडी होती. गोव्यात हे प्रमाण सुमारे ४५ टक्के, केरळात सुमारे २४ टक्के, तर बिहारात अवघे २ टक्के होते. विषमता खरी आहे आणि ती भीषण आहे. परंतु तिचा उगम प्रांताच्या सीमेत शोधणे म्हणजे तिच्या वर्गीय आशयावर पांघरूण घालणे होय. देशातील साडेब्याण्णव टक्के कुटुंबांकडे मोटार नव्हती, आणि गोव्यासारख्या सधन राज्यातही निम्म्याहून अधिक कुटुंबे त्यांतच मोडत होती. दिल्लीच्या झोपडपट्टीतील बांधकाम मजूर आणि मोतीहारीचा शेतमजूर यांच्यात जेवढे अंतर आहे, त्याहून कितीतरी मोठे अंतर दिल्लीच्या दिल्लीतच आहे. राज्यवार सरासरी ते अंतर पुसून टाकते.

जो जाळत नाही तोही भरतो

‘गरीब इंधन वापरत नाही, म्हणून इंधनावरील कर त्याला लागत नाही’ हा युक्तिवाद डिझेलच्या बाबतीत तर सरळसरळ खोटा आहे. लासलगावहून कांदा घेऊन पाटण्याला जाणारी मालमोटार सुमारे दीड हजार किलोमीटर धावते. लिटरला चार किलोमीटर या हिशेबाने तिला पावणेचारशे लिटर डिझेल लागते. डिझेल लिटरला नव्वद रुपये आणि माल वीस टन धरला, तर किलोभर कांद्यामागे पावणेदोन रुपयांच्या आसपास खर्च केवळ डिझेलचा येतो. टोल, टायर, चालकाचा पगार आणि परतीची रिकामी फेरी हे सारे त्यापुढे. पाटण्याच्या ज्या मोलकरणीने उभ्या जन्मात पंपाची पायरी चढलेली नाही, ती भाजीच्या प्रत्येक पिशवीबरोबर डिझेलवरचा कर भरत असते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वाटेत टाकी मध्य प्रदेशात वा उत्तर प्रदेशात भरली गेली, तर मूल्यवर्धित कराचा पैसा त्या राज्याच्या तिजोरीत जातो; कर मात्र अखेर वसूल होतो पाटण्याच्या गिऱ्हाइकाकडून. ज्या प्रांतात उद्योग नाहीत, ज्याला बहुतेक तयार माल दुरून आणावा लागतो, तो प्रांत अशा रीतीने इतरांच्या तिजोऱ्या भरतो आणि वर ‘कमी खपाचा मागास प्रांत’ म्हणून हिणवला जातो.

पेट्रोलची गोष्टही निराळी नाही. देशभरातील पंपांवर केलेल्या पाहणीचे जे निष्कर्ष पेट्रोलियम मंत्रालयाने जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले, त्यानुसार पेट्रोलच्या एकूण विक्रीपैकी ६१ टक्क्यांहून अधिक पेट्रोल दुचाकींत जात होते आणि मोटारींत सुमारे ३४ टक्के. दुचाकी चालवणारा म्हणजे दूधवाला, फिरता विक्रेता, कारखान्यातील कंत्राटी कामगार. आज त्यात मोबाइलवरील हुकमाने घरोघर माल पोचवणाऱ्या लक्षावधी तरुणांची भर पडली आहे. कंपनी त्यांना कामगार मानीत नाही आणि पेट्रोल त्यांना स्वतःच्या कमाईतून टाकावे लागते. बिहारातून मुंबईत आलेल्या अशा तरुणाने जाळलेले पेट्रोल महाराष्ट्राच्या ‘समृद्धी’त मोजले जाते.

एका लिटरमागे किती माणसे

त्याच पाहणीतील डिझेलचे आकडे सत्ताधाऱ्यांच्या धोरणावर अधिक लख्ख प्रकाश टाकतात. डिझेलच्या विक्रीपैकी सुमारे ७० टक्के वाहतुकीला लागत होते. त्यात मालमोटारींचा वाटा एकूण विक्रीच्या २८ टक्क्यांच्या वर होता. बसगाड्यांचा वाटा ९.५५ टक्के होता. खाजगी मोटारी व तत्सम वाहनांचा १३.१५ टक्के. म्हणजे देशातील साऱ्या बसगाड्या मिळून जेवढे डिझेल पीत होत्या, त्याहून अधिक डिझेल मूठभर लोकांच्या खाजगी गाड्या पीत होत्या, आणि तेही सरकारी अनुदानाच्या भावात!

बस आणि मोटार यांची तुलना करण्यास मोठे गणित लागत नाही. लिटरला पाच किलोमीटर धावणारी बस चाळीस उतारू नेत असेल, तर एका लिटरमध्ये दोनशे प्रवासी-किलोमीटरांचे काम होते. लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी मोटार दोन माणसे नेत असेल, तर तेवढ्याच लिटरमध्ये तीस. ज्या देशाला आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून विकत आणावे लागते, त्या देशाने कोणाला स्वस्त डिझेल द्यावे, हे शाळकरी मुलगाही सांगेल.

केंद्र सरकारने याच्या नेमके उलट केले. जानेवारी २०१३ मध्ये ‘घाऊक ग्राहक’ अशी वेगळी वर्गवारी करून राज्य परिवहन महामंडळे, रेल्वे आणि संरक्षण दले यांना बाजारभावाने डिझेल घेणे भाग पाडण्यात आले. महामंडळांच्या आगारात येणारे डिझेल एका रात्रीत लिटरमागे सुमारे दहा रुपयांनी महागले. शेजारच्या पंपावर आलिशान मोटारीला ते जुन्याच सवलतीच्या भावात मिळत राहिले. सार्वजनिक बसगाड्या स्वतःचे आगार सोडून खाजगी पंपांपुढे रांगा लावू लागल्या. केरळच्या परिवहन महामंडळाला न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. मार्च २०२२ मध्ये तोच प्रकार पुन्हा घडला. पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात किरकोळ भाव गोठवून ठेवले गेले होते. घाऊक भाव मात्र एकदम लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी चढवला गेला. सरकारे बदलली होती. धोरणाचा वर्गीय कल तोच होता.

त्याच सुमारास महाराष्ट्रातील एस. टी. कामगार ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झालेला दीर्घ संप लढवीत होते. महामंडळ तोट्यात आहे, असे त्यांना दररोज ऐकवले जात होते. या तोट्यात महाग डिझेलचा आणि करांचा वाटा किती, याचा हिशेब त्यांच्यापुढे कोणी मांडला नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली बस सोडणाऱ्या या सेवेने खेड्यापाड्यांतील मुलींना शाळेत आणि रुग्णांना इस्पितळात पोचवले आहे. ती मोडली की प्रवासी काही थांबत नाहीत. ते वडापच्या जीपमध्ये कोंबले जातात किंवा कर्ज काढून दुचाकी घेतात. प्रांताचा इंधनखप वाढतो, आणि तक्त्यात त्याची नोंद ‘विकास’ म्हणून होते.

२०११ च्या जनगणनेने शेतीबाहेरील कामगार कामावर कसे जातात याची माहिती गोळा केली. त्यांपैकी तिसरा हिस्सा आणि वर काही जण पायी किंवा सायकलने जात होते. हे लोक इंधन वाचवतात. त्याबद्दल त्यांना मिळतात उखडलेले पदपथ आणि महामार्गावरचे मरण.

दूरच्या जिल्ह्यांना शिक्षा

प्रांताप्रांतांतच नव्हे, तर जिल्ह्याजिल्ह्यांतही भावाची तफावत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये साध्या पेट्रोलने लिटरला शंभर रुपयांचा टप्पा प्रथम ओलांडला तो मुंबई-दिल्लीत नव्हे, तर राजस्थानच्या टोकावरील श्रीगंगानगरात. महाराष्ट्रात हा मान वारंवार परभणीकडे येतो. मनमाडजवळच्या पानेवाडी आगारापासून तीनशे किलोमीटर दूर असल्याचा तो दंड. जेथे उत्पन्न कमी तेथे इंधन महाग, असा हा न्याय आहे.

ईशान्येकडील राज्यांत तर प्रश्न भावाच्याही पलीकडे जातो. २०१६ च्या पावसाळ्यात आसाम–आगरतळा महामार्ग चिखलात रुतला आणि त्रिपुरात पेट्रोल वाटून द्यावे लागले. अखेर त्या सप्टेंबरात टँकर बांगलादेशातून न्यावे लागले. मणिपूरमध्ये २०११ साली शंभर दिवसांहून अधिक काळ रस्ते रोखले गेले तेव्हा पेट्रोल काळ्या बाजारात कित्येक पट भावाने विकले गेले. अशा राज्यांतील ‘कमी खप’ म्हणजे मागणीचा अभाव असे म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

अंतराचा भार साऱ्या देशाने वाटून घेणे अशक्य आहे काय? स्वतंत्र भारताच्या इतिहासातच याचे उत्तर आहे. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत पोलादासाठी समान वाहतूकभाड्याचे धोरण राबवले गेले. जमशेदपूरचे पोलाद मुंबईच्या कारखानदाराला जमशेदपूरच्याच भावात मिळे. खनिजे पोटात असूनही तत्कालीन बिहारात कारखाने काढण्याचे विशेष कारण त्यामुळे उरले नाही; लाभ पश्चिम किनाऱ्यावरील भांडवलाचा झाला. तेलाच्या क्षेत्रातही एस्सो, बर्मा-शेल व कॅलटेक्स या विदेशी कंपन्यांचे १९७४ ते १९७६ या काळात राष्ट्रीयीकरण झाल्यावर प्रशासित किंमतव्यवस्थेखाली वाहतूकखर्चाचा भार सामायिक निधीतून उचलण्याची सोय होती. एप्रिल २००२ मध्ये ती व्यवस्था मोडीत काढण्यात आली. पोलादाच्या वेळी समानता हवी होती, कारण ती मोठ्या भांडवलाच्या हिताची होती. आदिवासी जिल्ह्यातील पेट्रोलच्या वेळी मात्र ‘बाजाराचा नियम’ आठवला!

ऑक्टोबर २०२४ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी राज्यांतर्गत वाहतूकखर्चाचे समायोजन केले आणि ओडिशातील मलकानगिरी, छत्तीसगडमधील सुकमा अशा दुर्गम भागांत भाव काही रुपयांनी उतरले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु जे एका निर्णयासरशी करता आले ते बावीस वर्षे का केले गेले नाही? हा निर्णय कंपन्या सार्वजनिक मालकीच्या असल्यामुळेच शक्य झाला, हेही विसरता येणार नाही. २००८ साली भाव परवडत नाहीत म्हणून खाजगी कंपनीने आपल्या शेकडो पंपांना कुलपे लावली होती. भारत पेट्रोलियम विकण्याचा २०१९ चा निर्णय गिऱ्हाईक न मिळाल्याने मे २०२२ मध्ये मागे घ्यावा लागला. तो तडीस गेला असता तर मलकानगिरीची चिंता कोणी वाहिली असती?

करांची हातचलाखी

आता राज्य सरकारांवरील दोषारोपाकडे वळू. २७ एप्रिल २०२२ रोजी पंतप्रधानांनी महाराष्ट्र, केरळ, पश्चिम बंगाल, तामिळनाडू आदी विरोधी पक्षांच्या राज्यांची नावे घेऊन त्यांनी मूल्यवर्धित कर कमी केला नाही, असा ठपका ठेवला. राज्यांचे कर जड आहेत आणि विषम आहेत, हे खरेच. परंतु या चित्राचा दुसरा भाग झाकून ठेवला जातो.

२०१४ च्या मध्यास केंद्राचे उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरला ९.४८ रुपये आणि डिझेलवर ३.५६ रुपये होते. जागतिक बाजारात तेलाचे भाव कोसळले तेव्हा तो लाभ जनतेकडे जाऊ न देता केंद्राने शुल्क पुनःपुन्हा चढवले. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत कामगार पायी गावी परतत असताना, ते पेट्रोलवर ३२.९८ आणि डिझेलवर ३१.८३ रुपयांवर गेले. डिझेलवरील शुल्क सहा वर्षांत जवळजवळ नऊपट झाले. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये कपात झाली; तरीही त्यानंतरचे १९.९० व १५.८० रुपये हे आकडे २०१४ च्या कितीतरी वरच होते.

याहून गंभीर गोष्ट या शुल्काच्या रचनेत दडलेली आहे. राज्यांना वाटा मिळतो तो केवळ मूळ उत्पादन शुल्कातून. फेब्रुवारी २०२१ मध्ये हे मूळ शुल्क पेट्रोलवर १.४० आणि डिझेलवर १.८० रुपये एवढेच ठेवण्यात आले. उरलेली सारी वसुली उपकर व विशेष अतिरिक्त शुल्क या नावांखाली करण्यात आली आणि ती सर्वस्वी केंद्राची राहिली. वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के वाटा दिला असे कागदावर म्हणायचे आणि वाटायची थाळीच रिकामी ठेवायची, असा हा प्रकार आहे. याची सर्वांत मोठी किंमत मोजतो बिहार, कारण ज्या राज्याचे स्वतःचे करउत्पन्न अल्प, ते केंद्रीय वाट्यावरच जगते. बिहारचा गरीब डिझेलवरचा उपकर कांद्यातून, मिठातून, सिमेंटातून भरतो. त्यातला पैसाही त्याच्या राज्याकडे हक्काने परत येत नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्यांच्या हाती स्वतःचे असे मोठे करसाधन उरले ते मुख्यतः इंधन आणि मद्य. उपकर तसेच ठेवून इंधनही त्या करात ओढले, तर प्रांतांतील भावाचा फरक कदाचित कमी होईल, पण राज्ये केंद्रापुढे हात पसरून उभी राहतील. तो उपाय रोगापेक्षा भयंकर ठरेल.

पर्याय कोणता?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातील बहुतांश माल रेल्वेने जात असे. आज तिच्या वाट्याला एकतृतीयांशाहूनही कमी माल येतो. तेवढाच माल तेवढेच अंतर नेण्यास रेल्वेला रस्त्यापेक्षा कित्येक पटींनी कमी इंधन लागते. कोकण रेल्वेवर १९९९ पासून भरलेल्या मालमोटारीच वाघिणींवर चढवून नेल्या जातात, हा धडा डोळ्यांपुढे आहे. तरीही टोलचे महामार्ग आणि खाजगी वाहनांचे कारखाने यांनाच विकासाचे इंजिन ठरवले गेले. प्रांतांच्या खपातील तफावत ही या धोरणाचीच निष्पत्ती आहे.

म्हणून श्रमिक जनतेच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सार्वजनिक बससेवेला किरकोळ भावापेक्षा कमी भावात डिझेल मिळाले पाहिजे. इंधनावरील उपकर व विशेष शुल्क राज्यांशी वाटून घेतले पाहिजे. वाहतूकखर्चाचे समानीकरण राज्यांतर्गत न ठेवता देशव्यापी केले पाहिजे. लांब पल्ल्याचा माल रेल्वेकडे वळवण्यासाठी सार्वजनिक गुंतवणूक झाली पाहिजे. आणि २०१३ सारखी पाहणी नियमितपणे करून, कोणत्या वर्गाची वाहने किती इंधन जाळतात याचे राज्यवार आकडे जनतेपुढे ठेवले पाहिजेत.

या मागण्यांत गोव्याच्या कामगाराचे आणि बिहारच्या शेतमजुराचे हित एकमेकांविरुद्ध जात नाही. बसचा वाहक, मालमोटारीचा चालक, दुचाकीवरून माल पोचवणारा तरुण आणि पाटण्याची मोलकरीण एकाच साखळीने बांधलेली आहेत. ‘प्रगत’ आणि ‘मागास’ प्रांतांचे तक्ते त्यांना परस्परांपासून वेगळे पाडतात. इंधनाचा खरा हिशेब मांडून ही एकजूट घडवणे, हे परिवहन कामगारांच्या आणि सर्व लोकशाहीवादी संघटनांच्या पुढील तातडीचे काम आहे.